पॅटर्न शॉपची लिंक्डइन वही, जानेवारी ते जून २०२५

६ जानेवारी

उद्देश एका ओळीत लिहून ठेवतो: ३० जूनच्या आत कोल्हापूरबाहेरच्या एका तरी फाउंड्रीचं पॅटर्नचं काम मिळवायचं. साधन, लिंक्डइन. खर्च शून्य. वेळ, रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास.

कारणही लिहितो, नाहीतर फेब्रुवारीत आळस चढेल. आम्ही पॅटर्न करतो, म्हणजे हव्या त्या भागाचा नमुना; त्यावरून वाळूत साचा करून फाउंड्रीत त्यात धातू ओततात, ते कास्टिंग. आमचं दुकान तीन गिऱ्हाइकांवर चालतं. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दिवाळीनंतर म्हणालं, आम्ही स्वतःचं टूलरूम काढतोय, नवे पॅटर्न आता घरातच होतील, दुरुस्ती मात्र तुमच्याकडेच. दुरुस्तीवर तीन कामगारांचा पगार निघत नाही.

आण्णांना सांगितलं. वय ७१, त्यातली ५० वर्षं लाकडात गेलेली. म्हणाले, "त्ये नोकरी मागायचं न्हवं?" समज अगदीच चुकीचा नाही. माझंही खातं डिप्लोमा झाल्यावर नोकरीसाठीच काढलेलं, आणि तेव्हापासून धूळ खात पडलेलं. पासवर्ड शोधण्यात आजचा अर्धा तास गेला.

आण्णांची माणसं जोडायची जागा म्हणजे उद्यमनगरातली चहाची गाडी, सकाळी दहाला. फाउंड्रीवाले, मशीनशॉपवाले, वाळूवाले, भंगारवाले सगळे तिथं. कुणाची भट्टी बंद पडली, कुणाला नवी ऑर्डर लागली, कुणाचा सुपरवायझर सोडून चाललाय, हे सगळं एका कटिंगमध्ये कळतं. या गाडीत खोट एकच. बेळगाव, राजकोट, कोइमतूर ही पण फाउंड्रीचीच गावं, पण तिथली माणसं इथं चहाला येत नाहीत.

९ जानेवारी

अक्का फोनवर. ती हिंजवडीत भरतीचं काम करते, म्हणजे दिवसभर लिंक्डइनवर माणसंच शोधते. माझं प्रोफाइल उघडून आधी पोटभर हसली. फोटो लग्नातला, फेट्यासकट. नावाखाली एकच शब्द, "प्रोप्रायटर".

"आम्ही शोधताना हुद्दा नाही टाकत, काम टाकतो," ती म्हणाली. "उद्यमनगरात दर दुसऱ्या शटरखाली एक प्रोप्रायटर बसलाय. तुझ्याकडून काय मिळतं ते लिही." नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. मी लिहिलं: कास्टिंगसाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्स, लाकूड, रेझिन बोर्ड आणि अल्युमिनियममध्ये, ग्रे आयर्न, एसजी आयर्न, कोल्हापूर. (कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा म्हणजे कोअर, तो ज्यात भरतात तो कोअर बॉक्स; ग्रे आणि एसजी आयर्न या बिडाच्या दोन जाती.) "दर्जेदार", "विश्वासार्ह" वगैरे अक्कानं काढायला लावलं. गावाचं नाव मात्र ठेव म्हणाली. कास्टिंगच्या धंद्यातल्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

लिंक्डइन मराठीतूनही वापरता येतं हे आज कळलं. एक तास करून पाहिलं, मग परत इंग्रजी केलं. "कनेक्ट" ऐवजी दुसरा शब्द दिसला की बोट अडखळतं. आण्णांसाठी मात्र मोबाइलवर मराठीच ठेवलंय.

२० जानेवारी

दहा दिवसांत ४० अनोळखी लोकांना निमंत्रणं पाठवली. जर्मनी, इटली, पुणे, चेन्नई. ज्याच्या नावापुढे "परचेस" किंवा "सोर्सिंग" दिसलं त्याला. स्वीकारली सहा जणांनी. उत्तर एकाचंही नाही.

फुकटच्या खात्यावरून महिन्यात मोजक्याच निमंत्रणांना चिठ्ठी जोडता येते, ती पण २०० अक्षरांची. माझ्या चिठ्ठ्या आज परत वाचल्या. "आदरणीय महोदय, आमची संस्था गेली अनेक वर्षे..." आमचं २००३ सालचं पत्रक जसंच्या तसं! तेव्हाही ते वाचून कुणी आलेलं आठवत नाही.

२८ जानेवारी

अक्कानं एक लेख पाठवला. मार्क ग्रॅनोवेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली मांडलं होतं की नोकरीची बातमी जवळच्या मित्रापेक्षा अर्धवट ओळखीच्या माणसाकडून जास्त येते. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच माहितीवर हे तपासून झालं. पाच वर्षं, दोन कोटींच्या आसपास वापरकर्ते. कुणाला कसल्या ओळखी सुचवायच्या हे मुद्दाम बदलून पाहिलेलं. निघालं असं की अगदी घट्ट नातं फारसं उपयोगी नाही आणि अगदी परकं माणूसही नाही. मधल्या ओळखी चालतात, ज्यांच्याशी आपले थोडेसेच लोक सामाईक असतात.

अभ्यास नोकऱ्यांचा आहे, पॅटर्नच्या ऑर्डरींचा नाही, त्यामुळे तो थोडा जपूनच घ्यायचा. पण माझी चूक त्यात नेमकी दिसते. मी ४० परक्यांच्या दारावर थाप मारली. आणि चहाच्या गाडीवरच्यांना तर निमंत्रण पाठवायची गरजच नाही, ते सकाळी भेटतातच. मधले कोण?

आण्णांना घेऊन बसलो आणि यादी काढली. आमच्याकडे शिकून गेलेली पोरं. पॉलिटेक्निकमधले माझे वर्गमित्र. वाळू आणि रेझिन विकायला येणारे सेल्समन. व्हीएमसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनची, सर्व्हिस करायला येऊन आमच्याकडे जेवून गेलेला एक इंजिनिअर. बंद पडलेल्या फाउंड्रीतून बाहेर पडलेले इन्स्पेक्टर. आण्णांना नावं आठवत नव्हती, पण कामं लख्ख आठवत होती. "त्यो, ज्यानं फ्लायव्हीलचा पॅटर्न उलटा लावला होता त्यो." अशी ३१ माणसं झाली. त्यातली १९ लिंक्डइनवर सापडली.

६ फेब्रुवारी

आज तोंडावर आपटलो.

काल संध्याकाळी ताज्या पॅटर्नचा फोटो टाकला. काम देखणं झालं होतं, कोपऱ्यातली गोलाई, रंगाचा हात, सगळं. रात्रीत बऱ्यापैकी लाइक. सकाळी नऊला गिऱ्हाइकाचा फोन. पॅटर्नवर पार्ट नंबरची पट्टी होती आणि फोटोत ती स्वच्छ वाचता येत होती. तो भाग त्यांच्या गिऱ्हाइकानं अजून बाजारात आणलेलाच नाही. मागं बाकावर ड्रॉइंगचा कोपराही दिसत होता.

फोटो लगेच काढला. आण्णांना घेऊन प्रत्यक्ष जाऊन माफी मागितली. साहेब भले, चहा पाजला. पण "आमच्या वस्तू आहेत त्या, तुमच्या नाहीत" हे वाक्य गळ्यात घालूनच परत पाठवलं. खरंच आहे. पॅटर्नचे पैसे गिऱ्हाईक देतं, पॅटर्न त्याच्या मालकीचा, आमच्या रॅकवर तो फक्त ठेवलेला असतो.

येताना आण्णा गाडीत एकच बोलले, "चहाच्या गाडीवर कुनाचं ड्रॉइंग पसरून बसत नाय आपन."

१५ फेब्रुवारी

तोडगा: दाखवायला आपलाच एक भाग. माळ्यावर जुन्या ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलचा सागवानी पॅटर्न होता, आण्णांच्या तरुणपणचा. ते इंजिन बनवणारं दुकान केव्हाच मिटलंय, मालकांच्या मुलाला विचारून घेतलं. शिवाय एक छोटा पंप इंपेलर स्वतःच कॅडमध्ये काढला, कुणाच्याच मालकीचा नाही. यापुढे फोटो आणि व्हिडिओ या दोघांचेच. बाकावर हिरवं कापड, मागं पडदा.

कोअर बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर चार वेळा घ्यावा लागला. आमचा कामगार पक्या, त्याचा हात प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासमोर. शेवटी तो हात तसाच राहू दिला. अक्का म्हणते हातच चांगला दिसतोय.

२४ फेब्रुवारी

युरोपातल्या एका कंपनीच्या "सोर्सिंग मॅनेजर"नं स्वतःहून निमंत्रण पाठवलं. दोन दिवसांत ड्रॉइंग, तिसऱ्या दिवशी तोंडी होकार. किमतीवर घासाघीस नाही. तिथंच शंका यायला हवी होती. आमच्या धंद्यात घासाघीस न करता कुणी कागदही विकत घेत नाही. चौथ्या दिवशी "व्हेंडर नोंदणी शुल्क" भरायला सांगितलं.

प्रोफाइल नीट पाहिलं तेव्हा दिसलं. खातं दोन महिन्यांपूर्वीचं, फोटो गुळगुळीत, मेल कंपनीच्या पत्त्यावरून नाही. कंपनी खरी, माणूस खोटा. त्या कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या पत्त्यावर मेल टाकून विचारलं, उत्तर आलं: या नावाचं आमच्याकडे कुणी नाही. लिंक्डइनला तक्रार केली. पैसे गेले नाहीत. गेले असते तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, लगेच फोन करायचा, हे दुकानातल्या फळ्यावर लिहून ठेवलंय, कारण पुढच्या वेळी मीच घाईत असेन.

चार दिवस मात्र वाया. ड्रॉइंगवरून किंमत काढायला दोन रात्री जागलो होतो.

५ मार्च

आज आटणीच्या स्केलवर लिहिलं. आमच्या बाकावर दोन पट्ट्या आहेत, दिसायला सारख्या. एक साधी, दुसरी पॅटर्नवाल्याची. दुसरीवर १००० लिहिलेलं असतं तिथं खरं माप १०१० मिलिमीटर भरतं. ग्रे आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी गुणाकार करत बसण्यापेक्षा पट्टीच लांब केलेली. स्टीलची पट्टी आणखी लांब, कारण ते दोन टक्क्यांच्या घरात आटतं. हल्ली कॅडमध्ये एक आकडा टाकला की झालं, पण आण्णा आजही व्हीएमसीवरून उतरलेला पॅटर्न त्या पट्टीनं मोजल्याशिवाय रंगाला देत नाहीत.

दोन पट्ट्या शेजारी ठेवून फोटो काढला, शून्य जुळवून, शेवटचा फरक दिसेल असा. लिहायला २० मिनिटं लागली. आत्तापर्यंत सगळ्यात कमी वेळात झालेली पोस्ट. यातलं काही शोधावं लागलं नाही.

७ मार्च

त्या पोस्टखाली राजकोटच्या कुणीतरी विचारलं: ग्रे आयर्नसाठी केलेल्या पॅटर्नवर गिऱ्हाइकानं आता स्टील ओतायला सांगितलंय, चालेल का?

मी उत्तर लिहीत होतो, आण्णा मागं उभे. म्हणाले, "थांब, मी सांगतो तसं लिव्ह." लिहिलं ते असं: ३०० मिलिमीटरच्या भागाला तुमचा पॅटर्न ३०३ चा असणार. स्टील त्यातले सहा मिलिमीटर खाऊन २९७ वर येईल. तीन मिलिमीटर तूट. मशीनिंगला जिथं माल ठेवलाय तिथं ती तूट मशीनिंगच्या मालातून जाईल, कदाचित निभेल. जिथं कास्टिंग तसंच राहणार तिथं निभणार नाही. स्टीलला फीडरही (थंड होताना कमी पडणारा धातू पुरवणारे साठे) मोठे लागतील, ते वेगळंच. आणि शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य, मी तसंच ठेवलं: धातू थंड झाला की अंग चोरतो, कोण थोडं चोरतो, कोण जास्त.

इंग्रजीत "अंग चोरणे" बसेना. ते वाक्य मराठीतच टाकलं.

१० मार्च

सकाळी मेसेज: "हे अंग चोरायचं वाक्य आण्णांचंच. मी २००८ ला तुमच्याकडं सहा महिने होतो. फ्लायव्हीलचा पॅटर्न उलटा लावला म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या."

हा आमच्या ३१ च्या यादीतला, पण नाव आठवत नव्हतं म्हणून न सापडलेला! आता बेळगावच्या एका फाउंड्रीत मेथड्समध्ये आहे, म्हणजे कुठला भाग कसा ओतायचा ते ठरवणाऱ्या विभागात. त्याला मी शोधू शकलो नाही, त्यानं वाक्यावरून आम्हाला शोधलं. आण्णांना मेसेज वाचून दाखवला. "शिव्या न्हवत्या दिल्या, समजावून सांगितलं हुतं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जेवायला बोलीव त्याला."

१९ मार्च

रंगपंचमी. दुकान बंद. काही केलं नाही. फोनवर रंग लागू नये म्हणून तो घरीच.

२७ मार्च

बेळगावला जाऊन आलो. हायवेनं ११० किलोमीटरच्या आसपास, पण रस्त्याच्या कामामुळे अडीच तास. आण्णा बरोबर. साहेबांच्या खुर्चीशेजारी आमचा जुना शिकाऊ, आता त्यालाच सगळे "सर" म्हणतात. आण्णांना वाकून नमस्कार केला, मग पाच मिनिटं सगळेच गप्प.

काम: पंपाच्या केसिंगचा पॅटर्न आणि कोअर बॉक्स. ड्रॉइंग द्यायच्या आधी गोपनीयतेच्या कागदावर सही. यावेळी मी स्वतःच विचारलं, की फोटो टाकायचा झाला तर कुणाची परवानगी लागेल. परचेसवाल्यानं मान वर करून पाहिलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणाला. लेखी मेल करा, बघू.

घासाघीस झाली. बरं वाटलं.

१२ एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा. पक्या आणि आणखी एक जण चार दिवसांपासून सासनकाठीबरोबर. रेझिन बोर्ड मशीनवर चढवून ठेवलाय आणि ऑपरेटर डोंगरावर. बेळगावला तारीख देताना यात्रा विसरलो हा माझा गाढवपणा. तिकडं फोन केला तर शिकाऊ हसला: "आमचीबी दोन पोरं तिकडंच हायत." तीन दिवस वाढवून मिळाले.

१८ एप्रिल

एक कबुली. रविवारी आण्णांच्या हातांचा फोटो टाकला, पटाशी धरलेली, नखात भुसा, खाली "पन्नास वर्षांची तपश्चर्या" छापाचं चार ओळींचं लिखाण. आजवरच्या सगळ्या पोस्टच्या एकत्रित लाइकपेक्षा त्याला जास्त. अमेरिकेतल्या मराठी लोकांनी "नमन" लिहिलं. कामाची चौकशी एकही नाही.

आण्णांना दाखवलं. "पटाशी उलटी धरलीया फोटूत," एवढंच. मीच धरायला लावली होती, पातं चमकावं म्हणून. पोस्ट काढून टाकली. ज्यांनी नमन केलं त्यांना फरक पडत नाही, पण पॅटर्नवाला बघेल तो हसेल, आणि मला पॅटर्नवाल्यांचीच गरज आहे.

२५ एप्रिल

बेळगावचं पहिलं सॅम्पल कास्टिंग कापून पाहिलं. भिंत सगळीकडे ८ मिलिमीटर हवी. वरच्या बाजूला ७, खालच्या बाजूला ९. कोअर वर सरकलाय. वितळलेल्या लोखंडात वाळूचा कोअर लाकडासारखा तरंगायला बघतो. त्याला जागेवर धरायचं काम प्रिंटचं, म्हणजे पॅटर्नवरच्या ज्या उंचवट्यानं साच्यात कोअरची बैठक होते त्याचं, आणि आम्ही प्रिंटला सवयीनं एक मिलिमीटर सैल जागा ठेवलेली. इथल्या फाउंड्रीत हातानं भरलेले कोअर, त्यावर वॉशचा, म्हणजे लेपाचा, जाड थर, त्यामुळं ती सैल जागा भरून जाते. बेळगावचे कोअर कोल्ड बॉक्सचे, म्हणजे यंत्रात वायू सोडून घट्ट केलेले, मापात चोख. त्यांना एवढी जागा नको होती. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

आण्णा आणि मी परत गेलो. पॅटर्नवरचा प्रिंट घासून बारीक केला, की साच्यातली बैठक घट्ट होते. काम तासाभराचं, बाकी प्रवास. आमच्या खर्चानं. आण्णा कानस चालवत होते तेव्हा त्यांच्या मेथड्सची चार तरुण पोरं भोवती उभी राहिली. त्यातल्या दोघांनी संध्याकाळी मला निमंत्रण पाठवलं. चिठ्ठी न जोडता.

९ मे

दुसरं सॅम्पल पास. भिंत ७.८ ते ८.२. बिल पाठवलं.

बेळगावची चूक नाव-गाव न घेता लिहून टाकू का, असं त्यांनाच विचारलं. भागाचा उल्लेख नको, बाकी लिहा म्हणाले. कोअर प्रिंटच्या जागेवर लिहिलेली ती पोस्ट लाइकमध्ये गरीब आहे, ११. पण खाली दोन पॅटर्नवाल्यांनी आपापल्या फाउंड्रीत किती जागा ठेवतात ते आकड्यांसकट लिहिलं. ते आकडे वहीत उतरवून घेतले.

२ जून

इथल्या पॅटर्नवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावरून या महिन्यात तीन कामं आली. एक दुरुस्तीचं, एक रंगाचं, एक घाईचा कोअर बॉक्स. सकाळी मेसेज, दुपारी टेम्पो. लिंक्डइनवर असं काही होणार नाही आणि व्हॉट्सअॅपवरून बेळगाव मिळालं नसतं. दोन्ही चालू ठेवायचं, फक्त रात्रीचा अर्धा तास २० मिनिटांवर आणतो. झोप होत नाही.

"तुमचं प्रोफाइल कुणी पाहिलं" ते रोज बघायची खोड लागली होती. दाराआडून कोण डोकावलं ते बघत बसण्यासारखं आहे, आत कुणी येत नाही. बंद.

३० जून

हिशेब. निमंत्रणं अनोळखींना ४०, स्वीकारली सहा, काम शून्य. अर्धवट ओळखीच्या १९ जणांना, स्वीकारली १७, चौकशा चार, किमती पाठवल्या तीन, काम शून्य. काम मिळालं ते एकच, आणि ते या १९ मधल्या कुणाकडूनच आलेलं नाही, आण्णांच्या वाक्यावरून आलं. ते कुठल्या रकान्यात घालायचं कळत नाही, म्हणून वेगळी ओळ केली आहे.

बेळगावचे पैसे ४८ दिवसांनी जमा झाले. टूलरूम काढणाऱ्या गिऱ्हाइकाकडून गेलेल्या कामाची भरपाई यात होत नाही, साधारण चौथा हिस्सा झाली असेल.

आज दुपारी बेळगावहून दुसरं ड्रॉइंग आलं, व्हॉल्व्ह बॉडी, यावेळी स्टील. आण्णा माळ्यावर चढून स्टीलची पट्टी शोधतायत. बरीच वर्षं लागली नव्हती.